‘पाठ टेकली की झोप लागते’ म्हणणाऱ्या वाचकांस

नमस्कार.

झोपेची वेळ कशी ठरते, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत : ‘राबणाऱ्या माणसाला शरीराचं घड्याळबिड्याळ लागत नाही, पाठ टेकली की झोप लागते. हे एसीत बसून लिहिणाऱ्यांचे चोचले.’ पुढे कॉफी, दुपारची झोप आणि हिंजवडीत रात्रपाळी करणारा तुमचा भाचा, यांवरही लिहिलंय.

मतभेदाचं मला वाईट वाटत नाही, ‘चोचले’चं वाटलं. ओळखदेख नसताना मी कधी राबलोच नाही हे तुम्ही कशावरून ठरवलंत? लेखात शास्त्रीय शब्द जास्त झाले, हे मान्य. पण लिहिणाऱ्याची लायकी काढली म्हणजे मुद्दा खोडला, असं होत नाही.

उमेदीची वर्षं मी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काढली. तिसरी पाळी पाचवीलाच पुजलेली. रात्री बाराला सगळे ताजेतवाने असायचे. पहाटे चारच्या सुमाराला मात्र उभ्या उभ्या डोळे मिटायचे, समोर लेथचा चक (काम पकडून फिरणारा भाग) फिरत असतानासुद्धा. आणि सातला पाळी सुटली की तरतरी! आता विचार करा. चारपेक्षा सातला मी तीन तास जास्त जागा होतो, जास्त राबलो होतो. झोप नुसत्या थकव्यानं येत असती, तर सातला जास्त पेंगायला नको होतं का? घरी येऊन पाठ टेकली की झोप लागायची, हे तुमचं खरं. पण दुपारी एकला डोळे टक्क उघडे. अंग ठणकतंय, झोप अर्धवट झालीय, तरी पुन्हा लागत नाही. का लागत नाही, याचं उत्तर तुमच्या वाक्यात नाही.

ते उत्तर झोपेचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी 1982 साली मांडलेल्या कल्पनेत आहे. झोपेची वेळ दोन गोष्टी मिळून ठरवतात. एक म्हणजे झोपेची गरज. जागं राहू तशी ती साचत जाते (मेंदूत साठणारं अ‍ॅडेनोसिन हे रसायन तिचं एक कारण) आणि झोपलं की उतरते. दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचं घड्याळ : मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, सुमारे 20,000 पेशींचा पुंजका. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर तो आपली वेळ लावून घेतो. संध्याकाळी गरज बरीच साचलेली असते, पण त्याच वेळी घड्याळ आपल्याला सगळ्यात जोरानं जागं ठेवत असतं. रात्री तो जोर ओसरला की साचलेली झोप अंगावर येते. पहाटे गरज बरीचशी फिटलेली असते, तेव्हा झोप टिकते ती घड्याळ मंदावलेलं असतं म्हणून. रात्रपाळीवाल्याच्या वाट्याला पहाटे चारला साचलेली गरज आणि मंदावलेलं घड्याळ, दोन्ही एकदम येतात, आणि दिवसा झोपला तर गरज अर्धी फिटते न फिटते तोच घड्याळ त्याला उठवतं.

हे घड्याळ लेथवाल्याच्याही डोक्यात असतं, साहेबाच्याही. कष्टकऱ्याला ते ‘लागत नाही’ म्हणणं हा कष्टकऱ्याचा मान नव्हे, त्याच्या त्रासाकडे डोळेझाक आहे. माझ्या शेजारच्या मशीनवरच्या माणसाची बोटं अशाच एका पहाटे गेली. तेव्हा हा विषय चोचल्यांचा म्हणू नका, निदान माझ्यासमोर तरी.

कॉफी अ‍ॅडेनोसिनचा परिणाम अडवते, गरज फेडत नाही. लेखात तेवढंच म्हटलंय. दुपारच्या झोपेला मी कुठंही नावं ठेवलेली नाहीत, लेख परत वाचा.

भाच्याला मात्र सांगा : सकाळी कंपनीच्या कॅबमधून येताना उजेड टाळायला गॉगल लावायचा, खोलीला जाड पडदे, आणि पाळीला निघण्याआधी एक डुलकी.