दहा गुणांचा भाषाभ्यास

सर्वप्रथम अभिनंदन. तुम्ही भाषेचे प्राध्यापक आहात, म्हणजे पूर्वजन्मीचं काहीतरी पुण्य असणार. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत पदोन्नतीसाठी विज्ञानवाल्याला एका शोधनिबंधाचे ८ गुण मिळतात आणि भाषावाल्याला १०. तो बिचारा रसायनं मागवतो, यंत्र बिघडलं की टेंडर काढतो, तरी आठच. तुम्हाला लागतात साठ विद्यार्थी, एक प्रश्नावली आणि झेरॉक्सवाल्याकडे थोडी उधारी.

लिहिण्याआधी सहलेखकांचं गणित पक्कं करा. दोघांनी मिळून लिहिलं तर आयोग प्रत्येकाला ७० टक्के देतो. म्हणजे दहा गुणांच्या एका लेखातून तुम्हाला सात, मित्राला सात, एकूण चौदा. तिघं झालात तर पहिल्याला सात आणि उरलेल्या दोघांना तीन-तीन, म्हणजे तेराच. तीन तिगाडा काम बिगाडा हे आयोगालाही मान्य आहे. चौघं झालात की बेरीज सोळावर जाते, पाच जणांत एकोणीस. म्हणून एकतर दोघांनी लिहावं, नाहीतर सरळ अख्ख्या विभागाने. विभागप्रमुखांचं नाव पहिलं टाकायला विसरू नका. त्यांनी लेख वाचलेला नसेल, पण मग तो कोणीच वाचलेला नसणार आहे.

आता विषय. भाषाशिक्षणात विषय शोधावा लागत नाही, मोबाइलमध्ये पाहावा लागतो. ‘ग्रामीण महाराष्ट्रातील पदवी स्तरावरील विद्यार्थ्यांच्या इंग्रजी संभाषण कौशल्यावर व्हॉट्सअ‍ॅपच्या वापराचा होणारा परिणाम : एक अभ्यास’. पुढल्या वर्षी व्हॉट्सअ‍ॅप काढून टेलिग्राम घाला, त्याच्या पुढल्या वर्षी चॅटजीपीटी. ‘ग्रामीण’ हा शब्द कायम ठेवा, त्याने करुणा उत्पन्न होते. शेवटचं ‘एक अभ्यास’ तर अजिबात काढू नका. आतला मजकूर पाहून हा अभ्यास आहे हे लक्षात येईलच याची खात्री देता येत नाही.

पहिल्या पानावर भाषावैज्ञानिक चॉम्स्की हवा. लग्नपत्रिकेच्या माथ्यावर गणपती असतो तसा तो तिथे असतो, पुढच्या मजकुराशी त्याचा संबंध असायलाच हवा असं नाही. त्याच्या शेजारी भाषाशिक्षणवाला क्रॅशेन आणि मानसशास्त्रवाला विगॉट्स्की. जुना भाषावैज्ञानिक सस्यूर जागा उरली तर. मराठीच्या विभागात असाल तर ‘भाषा हे विचारांच्या आदानप्रदानाचे माध्यम आहे’ या वाक्याने सुरुवात करावी. हे वाक्य इतक्या लेखांत येऊन गेलंय की त्याला संदर्भ द्यायची गरज राहिलेली नाही.

संशोधनपद्धतीत मात्र कसूर नको. तीस विद्यार्थी प्रायोगिक गटात, तीस नियंत्रित गटात. प्रायोगिक गटाला तुम्ही शिकवायचं. नियंत्रित गटाला ‘पारंपरिक पद्धतीने’ शिकवायचं, म्हणजे एरवी शिकवता तसं. आधी एक चाचणी, नंतर एक चाचणी, दोन्ही तुम्हीच काढायच्या आणि तुम्हीच तपासायच्या. तुमचा गट पुढे जातोच, आजवर मागे पडलेला ऐकिवात नाही. गुण एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये भरा. ते येत नसेल तर वाणिज्य विभागातल्या मित्राला सहलेखक करा, त्याचेही सात गुण होतील. निकालात ‘०.०५ स्तरावर लक्षणीय फरक आढळला’ हे वाक्य आलं पाहिजे. ०.०५ म्हणजे काय असं तोंडी परीक्षेत विचारलं जात नाही, कारण विचारणाऱ्यालाही मग ते सांगावं लागेल.

प्रश्नावलीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळं कौशल्य तिथे आहे. समजा, विद्यार्थ्यांना इंग्रजी कळत नाही हे तुम्हाला सिद्ध करायचंय. तर प्रश्नावली इंग्रजीत द्या. त्यात ‘अमुक उपक्रमामुळे माझ्या आकलनविषयक रणनीतींच्या आंतरिकीकरणास चालना मिळाली’ अशा अर्थाचं विधान आणि समोर पाच चौकटी, पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत. मुलं आधी एकमेकांकडे बघतात, मग पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीच्या कागदाकडे बघतात. ती तुमच्याकडे बघते. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण तुमच्याच हातात आहेत हे तिला ठाऊक असतं. ती पहिल्या चौकटीत टिक करते आणि ती टिक मागच्या बाकापर्यंत पोचायला दोन मिनिटं लागतात. एखादा आगाऊ मुलगा ‘सर, चौथ्याचा अर्थ काय?’ असं कागदाच्या मागे लिहून ठेवतो. तेवढा एक कागद बाजूला काढायचा, त्याला ‘अपूर्ण प्रतिसाद’ म्हणतात. खरं तर सगळ्या गठ्ठ्यात भाषाशिक्षणाविषयी काही सांगणारा तोच एक कागद असतो. पण तो कोष्टकात बसत नाही.

खऱ्या वर्गात फार वेळ घालवण्याच्या मोहात पडू नका. एन. एस. प्रभू नावाचे एक गृहस्थ त्या मोहात पडले. १९७९ ते १९८४ अशी पाच वर्षं त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिणेतल्या साध्या शाळांत मुलांना व्याकरण न सांगता निरनिराळी कामं करायला लावून इंग्रजी शिकवलं. काय घडतं ते पाहिलं, लिहिलं, बाहेरच्या लोकांना तपासायला बोलावलं. तो बंगलोर प्रकल्प आज जगभरच्या भाषाशिक्षणाच्या पुस्तकांत आहे. पुढे १९९० मध्ये त्यांनी ‘टेसॉल क्वार्टर्ली’ या नियतकालिकात लिहिलं की सर्वोत्तम अशी अध्यापनपद्धती नसतेच, शिक्षकाची आपल्या कामाविषयीची जिवंत समज महत्त्वाची. या लेखाचे आपल्या हिशेबाने किती झाले? दहा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या तुमच्या लेखाचे? दहाच. पाच वर्षांत तुमचे वीस लेख सहज होतील. शहाणा कोण ते तुम्हीच ठरवा.

आता छापायचं कुठे. हा प्रश्न पूर्वी सोपा होता, मग अवघड झाला, आता पुन्हा सोपा झालाय. २०१७ मध्ये आयोगाने मान्य नियतकालिकांची लांबलचक यादी काढली. तिच्यात काय काय शिरलं होतं ते पुढच्याच वर्षी ‘करंट सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात आलं. विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांपैकी १००९ तपासली, तर ८८ टक्के निकृष्ट निघाली. त्या पाहणीत पुण्याचे भूषण पटवर्धन होते, आणि पुण्याच्या माणसाला यादी दाखवली की हे व्हायचंच. मे २०१८ मध्ये एका फटक्यात ४३०५ नियतकालिकं यादीतून गेली. त्या आठवड्यात स्टाफरूमांत जी शांतता होती ती निकालाच्या दिवशीही नसते. २०१९ मध्ये मान्य नियतकालिकांची नवी ‘केअर’ यादी आली, तीही पुणे विद्यापीठातून चालायची. मग ‘सर, केअरमध्ये आहे का?’ हा प्रश्न चहा झाला का, याच्याइतका सामान्य झाला. ज्या जुन्या, प्रामाणिक नियतकालिकांना स्वतःचं संकेतस्थळ नव्हतं, त्यांच्या नावाने उद्योगी लोकांनी संकेतस्थळं उघडली. नाव तेच, आयएसएसएन हा ओळखक्रमांक तोच, बँक खातं मात्र नवं. खऱ्या संपादकांना आपण एवढे कार्यक्षम झालो आहोत हे फार उशिरा कळलं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने केअर यादीच बंद केली. आता नियतकालिक चांगलं की वाईट हे ज्याच्या त्याच्या संस्थेने ठरवायचं, आयोग फक्त निकष सुचवणार. तुमच्या संस्थेत यासाठी समिती नेमली जाईल. तिच्यात शिरा. त्याआधी २०२२ मध्ये पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी लेख छापण्याची सक्ती उठली, तेव्हा या व्यवसायात बरीच हळहळ झाली होती. पण पदोन्नती आहे तोवर काळजीचं कारण नाही.

नियतकालिक तुम्हाला शोधत येईल. ‘आदरणीय सर/मॅडम, बहुभाषिक, बहुविद्याशाखीय, पीअर रिव्ह्यूड, चोवीस तासांत स्वीकृतीपत्र, ई-प्रमाणपत्र मोफत’ असा संदेश रात्री साडेअकराला येतो. त्यांचे लेख तपासणारे तज्ज्ञ रात्री साडेअकराला पाठवलेला लेख सकाळी नऊपर्यंत वाचून, तपासून, स्वीकारून मोकळे होतात. त्यांच्या झोपेची काळजी वाटते. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे एका लेखाचा सरासरी किती जण संदर्भ देतात तो आकडा, सातच्या पुढे असतो. भाषाविज्ञानातल्या जगप्रसिद्ध नियतकालिकांना हे क्वचितच जमतं, कारण त्यांना तो मोजून घ्यावा लागतो. आयएसएसएन ठळक छापलेला असतो. तो नुसता ओळखक्रमांक आहे आणि दर्जाशी त्याचं काही देणंघेणं नाही, ही गोष्ट मुलाखतीच्या समितीसमोर काढू नका. वातावरण बिघडतं.

त्याहून सोयीचं म्हणजे एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्र. नोंदणी शुल्कात चहा, नाश्ता, जेवण, पिशवी, पेन आणि प्रकाशन येतं. उद्घाटन दीड तास लांबतं, दीपप्रज्वलन होतं, मग दुपारच्या सत्रात समांतर बैठकांत प्रत्येकाला पाच मिनिटं. ‘वेळेअभावी मी फक्त निष्कर्ष वाचतो’ असं म्हणून निष्कर्षही वाचायचे नाहीत, कारण जेवणाची रांग लागलेली असते. विशेषांक महिन्याभरात येतो. त्याची अनुक्रमणिका आवर्जून पाहा. तुकारामांच्या अभंगांतील लोकभाषा, मग ठिबक सिंचनाचे अर्थशास्त्र, मग तुम्ही, मग हँडबॉल खेळाडूंची शारीरिक क्षमता. आंतरविद्याशाखीयता म्हणतात ती हीच.

मराठीतून लिहिणाऱ्यांना एक जास्तीची सवलत आहे, ती इंग्रजीवाल्यांच्या नशिबी नाही. वाङ्मयचौर्याच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ आहे. तुम्ही मजकूर युनिकोडमध्ये न देता श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये द्या. कित्येक विशेषांकवाले तेच मागतात. कागदावर तो मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते. तपासणी यंत्राला अशी खिचडी कुठल्याच ग्रंथात सापडत नाही आणि अहवाल येतो, शून्य टक्के. एवढं मौलिक लेखन तर ज्ञानेश्वरांच्याही नावावर नसेल. तोटा एकच, पुढे गूगलवर कोणी शोधलं तरी तुमचा लेख मिळत नाही. नीट विचार केलात तर हाही फायदाच आहे.

पुण्यात मराठी अभ्यास परिषदेचं ‘भाषा आणि जीवन’ १९८३ पासून निघतंय, अशोक केळकरांच्या पुढाकाराने सुरू झालेलं. तिकडे चुकूनही फिरकू नका. त्याचे वर्गणीदार भाषेच्या आवडीने वर्गणी भरतात आणि अंक आला की वाचतात.

काहींना परदेशी छापून यायची हौस असते. त्यांनी मन घट्ट करावं. तिथे इंग्रजीवर काम केलं की ते ‘भाषे’वरचं काम ठरतं. शीर्षकात इंग्रजीचं नावही लागत नाही. मराठीवर केलं की शीर्षकात ‘मराठी’, गोषवाऱ्यात ‘मराठी, एक भारतीय-आर्य भाषा’ आणि पहिल्या तळटीपेत आठ कोटींहून जास्त भाषक असल्याचा पुरावा. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एमिली बेंडर यांनी संगणकीय भाषाविज्ञानवाल्यांमागे धोशा लावला, की कुठल्या भाषेवर काम केलंत ते लिहा, इंग्रजी असेल तरी लिहा. त्या आग्रहाला त्यांच्या नावाचा नियम म्हणतात. इतक्या साध्या गोष्टीला नियम लागतो, यावरून आपली पायरी कळावी. आठ-दहा महिन्यांनी परीक्षकाचं उत्तर येतं : निरीक्षणं रंजक आहेत, परंतु याचं सार्वत्रिक महत्त्व काय? आणि खाली, लेख इंग्रजी मातृभाषा असलेल्या व्यक्तीकडून तपासून घ्यावा. ओहायोतल्या साठ विद्यार्थ्यांवर लिहिणाऱ्याला ओहायोचं सार्वत्रिक महत्त्व क्वचितच कोणी विचारतं.

मोठ्या प्रकाशकांकडून शिकण्यासारखं मात्र खूप आहे. २०१५ मध्ये ‘लिंग्वा’ या नामांकित भाषावैज्ञानिक नियतकालिकाच्या सगळ्या संपादकांनी आणि संपादक मंडळाने एल्सेव्हियर या प्रकाशकाकडे राजीनामे दिले. लेख सर्वांना खुले असावेत आणि शुल्क परवडणारं असावं, हे त्यांचं मुख्य मागणं होतं. ते बाहेर पडले आणि त्यांनी ‘ग्लोसा’ सुरू केलं. ‘लिंग्वा’चं काय झालं? काही नाही, नवे संपादक आले आणि निघतच राहिलं. नियतकालिक म्हणजे नाव आणि बोधचिन्ह, संपादक बदलता येतात.

पुढची पायरी म्हणजे स्वतःच संपादक व्हा. पोलंडमधल्या काही संशोधकांनी अस्तित्वातच नसलेल्या एका विदुषीचा अर्ज ३६० नियतकालिकांना संपादकपदासाठी पाठवला. ४८ ठिकाणी बाई रुजू झाल्या. हे २०१७ मध्ये ‘नेचर’ने छापलं. तुम्ही तर प्रत्यक्ष अस्तित्वात आहात, सेट-नेट झालेले आहात.

लेख आला की प्रमाणपत्राच्या तीन रंगीत प्रती काढा. एक पदोन्नतीच्या फायलीला, एक महाविद्यालयाला श्रेणी देणाऱ्या नॅकच्या, एक अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या, म्हणजे आयक्यूएसीच्या समन्वयकांना, कारण ते पहिली हरवतील. महाविद्यालयाच्या ग्रुपवर टाकल्यावर पन्नासेक अभिनंदनं येतील. त्यातल्या कोणी लेखाची पीडीएफ मागितली तर घाबरू नका, त्याला ती स्वतःच्या लेखात संदर्भ म्हणून हवी असते आणि त्यासाठी शीर्षक पुरतं.

मग टेलिग्रामवरच्या लेखाला लागा. ते साठ विद्यार्थी एव्हाना पास होऊन गेले असतील, कोणी पुण्यात कॉल सेंटरला लागला असेल, कोणी इंग्रजी राहिल्यामुळे घरीच असेल. त्यांची गरज नाही. आकड्यांची फाइल तुमच्याकडे आहेच, फक्त व्हॉट्सअ‍ॅप तेवढं बदलून घ्या.