तीन पुरुष, ३२५ ग्रॅम

चैत्रात आमच्या गुहागरच्या विहिरीचं पाणी तळाला टेकतं. नेमका तेव्हाच रहाटाचा दोर तुटला.

"केवढा आणू?" मी आजीला विचारलं.

"पाणी तीन पुरुष खाली आहे. त्या मानाने आण."

दुकानात तीन पुरुष दोर मागायची सोय नाही. देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, पुढच्याच वर्षी नवे पैसे आले. आमच्या विहिरीत मात्र तो कायदा अजून उतरलेला नाही.

ओटीवर सातवीतली पुतणी विज्ञानाच्या चाचणीसाठी घोकत होती: किलो, हेक्टो, डेका, मीटर, डेसी, सेंटी, मिली. या शिडीवर मी शाळेत कायम उलटा चढलो. किलोमीटरचे मीटर करताना दशांशचिन्ह डावीकडे सरकवायचो. पंचेचाळीस किलोमीटरवरचं चिपळूण साडेचार सेंटीमीटरवर यायचं.

"काका, तुझी उंची सांग."

"पाच फूट पाच इंच."

"म्हणजे पासष्ट इंच. एक इंच २.५४ सेंटीमीटर. आता तू कर."

घाम पुसत मी १६५ काढले, तिनाने गुणले, शंभराने भागले. "चार पूर्णांक पंच्याण्णव!"

"काय? नारळ? एकक नाही लिहिलं तर बाई अर्धा गुण कापतात."

मीटर. धरा पाच.

दुकानदार म्हणाला, "दोर मीटरवर नाही, किलोवर." आता लांबीचं वजन कसं करायचं? पुतणीला फोन. तिने सांगितलं, एक मीटर तोलून घे, पाचाने गुण. मीटरला भरले ६५ ग्रॅम. मी रुबाबात ३२५ ग्रॅम दोर मागितला. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मग तोलला.

कळशी पाण्याच्या चांगली पुरुषभर वर लटकली.

१९९९ साली नासाचं एक यान मंगळाजवळ याच पायी गेलं, एका गटाचे आकडे पौंडात, दुसऱ्याने ते न्यूटनमध्ये धरले. हे मी आजीला सांगून पाहिलं.

"त्यांच्या घरी पाणी होतं ना?" आजी म्हणाली. "मेल्या, पुरुष म्हणजे हात वर करून उभा असलेला! आणि रहाटावरून तुझ्या हातात यायला दोर नको?"

मग पुतणीने मला हात वर करून भिंतीला उभं केलं आणि खडूने खूण केली. २१० सेंटीमीटर. शेजारच्या काकू गडग्यापलीकडून बघत होत्या. पोलीस आले की काय, असं त्यांना वाटलं असावं. तीन पुरुषांचे ६.३० मीटर, वर रहाटापर्यंत, खाली हातापर्यंत, गाठीला थोडा. दहा मीटर. ६५० ग्रॅम, एककासकट.

दुकानदाराने तराजू पुढे ओढला. "काल सव्वातीनशे, आज साडेसहाशे? एका रात्रीत विहीर दुप्पट जड झाली हो तुमची!"