काटा खोटं बोलतो

आज संध्याकाळी लिफ्टपाशी शेजारीण भेटली. गेले चार महिने आम्ही दोघी पहाटे पावणेसहाला बाहेर पडतो, एमआयडीसीच्या रस्त्याने एक मोठा फेरा मारतो आणि पावणेसातला घरी. खाली बघत म्हणाली, "उद्यापासून मला हाक मारू नकोस गं." काय झालं? तर काल रात्री जेवताना नवऱ्याने विचारलं, चार महिने चालतेयस, वजन किती उतरलं? ७०० ग्रॅम. मग कशाला झोपमोड करतेस, त्यापेक्षा डबे तरी वेळेवर होतील. सासूबाईंनीही री ओढली.

मला तिथे काही सुचलं नाही. घरी येऊन कुकर लावला आणि शिट्ट्या मोजता मोजता डोकं असं तापलं की गॅस बंद करून हे लिहायला बसले.

७०० ग्रॅम! पहिल्या आठवड्यात ही बाई कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापर्यंत जाऊन दम खायला थांबायची. आता माझ्या पुढे चालते. रात्री गाढ झोपते. हे घरात कुणाला दिसलं नाही. दिसला फक्त काटा.

आणि काट्यावर माझा जुना राग आहे. आमच्या आत्याच्या वेळी त्याने आम्हाला सहा महिने फसवलं.

आत्या मिरजेची. अंगाने भरलेली, तिशीनंतर ७५ किलोच्या खाली कधी आली नाही. दिवसभर घरात राबायची, पण स्वतःसाठी म्हणून उंबरा ओलांडून चालायला गेली असं कधी झालं नाही. "दिवसभर चालतेच की मी, ओट्यापासून देवघरापर्यंत," म्हणायची. २०१६च्या उन्हाळ्यात, ५८व्या वर्षी, तिला डायबेटिस निघाला. घराण्यात कुणाला नाही. गोळ्या सुरू झाल्या आणि वजन उतरायला लागलं. गणपतीत आम्ही सगळे मिरजेला जमलो तोवर दहा किलो गेले होते. ब्लाऊज दोन्ही बाजूंनी आत घेतलेला, तरी दंडाशी सैल, म्हणून तिथे सेफ्टी पिन लावलेली. आणि तिला काय ऐकायला मिळालं? "आत्या, किती छान बारीक झालीस!" हे मी म्हणाले. मीच. ती लाजून हसली आणि पदर सारखा केला. गौरीपुढे उभं करून तिचा फोटोही काढला.

दिवाळीत डोळे पिवळे झाले. अंगाला इतकी खाज की नखांनी दंड ओरबाडून काढायची. कावीळ म्हणून कुणी झाडपाल्याचं औषध आणलं, कुणी उसाचा रस पाजला. डायबेटिसच्या बाईला उसाचा रस! तीन आठवडे त्यात गेले. मग सीटी स्कॅन. स्वादुपिंडात कॅन्सरची गाठ, यकृतापर्यंत पसरलेली. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. पुढच्या अक्षय्य तृतीयेच्या आधी आत्या गेली.

हा अवयव शरीरात आहे हेच आपल्याला आठवत नाही. जठराच्या मागे, पार पाठीकडे, जेमतेम वीतभर लांब. पित्ताची नळी त्याच्या डोक्याकडच्या भागातून जाते, म्हणून तिथे गाठ वाढली की पित्त तुंबतं आणि कावीळ होते. तोवर कित्येकदा काही दुखतसुद्धा नाही. स्वादुपिंड हा शब्द आमच्या घरात पुन्हा ऐकू आला १७ मार्च २०१९ला, मनोहर पर्रीकर याच कॅन्सरने गेले तेव्हा. टीव्हीवर सारखं तेच. बाबांनी उठून टीव्ही बंद केला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. बहीण गेली तेव्हा न रडलेला माणूस त्या रात्री रडला.

तेव्हापासून मी याबद्दल मिळेल ते वाचत आलेय. २००१ साली हार्वर्डच्या लोकांनी अमेरिकेतल्या नर्स आणि आरोग्यक्षेत्रातले पुरुष अशा दीड लाखाहून जास्त माणसांच्या नोंदी तपासल्या होत्या. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३० आणि त्याच्या वर असलेल्यांना या कॅन्सरचा धोका २३च्या आतल्यांपेक्षा ७२ टक्के जास्त निघाला. आणि आठवड्याला चार तास किंवा जास्त चालणाऱ्यांचा धोका, २० मिनिटंही न चालणाऱ्यांच्या निम्म्याहून कमी. शेजारणीच्या नवऱ्याने वाचावं ते याच्या पुढे आहे. हालचालीचा फायदा बारीक लोकांत दिसला नाही, वजन जास्त असलेल्यांत दिसला! म्हणजे जिचं वजन हटत नाही, चालायचं तर तिनेच आहे, आणि तिलाच आपण घरी बसवतोय.

नंतरच्या अभ्यासांत चालण्याचा फायदा एवढा ठळक आला नाही, हे मान्य. वजनाचा संबंध मात्र पक्का आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१६ साली जास्तीच्या चरबीशी जोडलेले १३ कॅन्सर सांगितले, त्यात स्वादुपिंड आहेच.

मग वजनच महत्त्वाचं झालं ना? हो, झालं. पण काट्यावरचे किलो म्हणजे चरबी नव्हे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी हे स्वतःवरच दाखवलंय. ते आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. आपण भारतीय असेच, हातपाय काडीसारखे आणि चरबी पोटात. आणि पोटातल्या या चरबीमुळेच शरीर इन्शुलिनला जुमानत नाही, मग स्वादुपिंड बिचारं जास्त जास्त इन्शुलिन ओतत राहतं, वर्षानुवर्षं. चालताना मांड्यांचे स्नायू रक्तातली साखर आपसूक उचलतात, तेवढा वेळ त्याला विसावा मिळतो. काटा जागचा हलला नाही तरी हे घडत असतं. मोजायचंच असेल तर कंबर मोजा, बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी, पुरुषांची ९०च्या. शेजारीण सलवारीची नाडी आता चार बोटं जास्त ओढून बांधते. तिनेच मला दाखवलं, हरखून. तिच्या घरात हे कुणी विचारलं?

बारीक माणसांनाही हा कॅन्सर होतो, ठाऊक आहे. सिगरेट हा वजनाहून मोठा गुन्हेगार आहे, तेही ठाऊक आहे. आत्या रोज चालली असती तर वाचली असती का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही आणि मीही सांगणार नाही. पण तिला तो रोजचा एक तास मिळाला असता. चाळीस वर्षांच्या संसारात तिला कुणी म्हणालं नाही की तू जा, कुकर आम्ही लावतो. तिच्या घरच्यांनी नाही, आणि दर मे महिन्यात तिच्या हातचं खायला जाणाऱ्या आम्ही भाचरांनीही नाही. आंबे पिळून पिळून तिची बोटं सालपटायची.

आता राग जरा उतरलाय, म्हणून शांतपणे सांगते. घरात पन्नाशीनंतर कुणाला अचानक डायबेटिस निघाला आणि काही न करता वजन उतरायला लागलं, तर कौतुक करू नका. डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकत्र सांगा, स्वादुपिंड एकदा बघू या का, असं विचारा. बहुतेक वेळा तो साधा डायबेटिसच निघतो, निघू दे. लघवी गडद, शौच फिकट, अंगाला खाज, पोटातून पाठीत जाणारी कळ, यातलं काही असेल तर उसाचा रस नको, त्याच दिवशी दवाखाना. आमचे तीन आठवडे गेले ते मला अजून मोजता येतात.

गौरीपुढचा तो फोटो माझ्या फोनमध्ये आहे. दंडावरची सेफ्टी पिन त्यात स्पष्ट दिसते. तेव्हा आम्हा कुणाला दिसली नाही.

शेजारणीला आत्ता मेसेज टाकलाय की उद्या पावणेसहाला बेल वाजवणार. तिच्याकडचे दोन डबे आठवडाभर मी देते, तिच्या सासूबाईंशी मी बोलते. गवार मोडून ठेवलीय, कणीक सकाळी मळेन. तिने अजून वाचलेला नाही. तरी मी जाणार आहे.