परिवलन म्हणजे निर्देशकांची अदलाबदल नव्हे

प्रतलावरील बिंदू फिरवण्याची एक ‘सोपी युक्ती’ विद्यार्थी आणि पालक एकमेकांना सतत पाठवत असतात. तिचे म्हणणे असे: ९० अंशांचे परिवलन, म्हणजे एका ठरावीक केंद्राभोवती फिरवणे, ही दोन्ही निर्देशकांची (एक्स आणि वाय मूल्यांची) अदलाबदल, बिंदू पुढच्या चरणात (अक्षांनी केलेल्या प्रतलाच्या चार भागांपैकी पुढच्यात) जातो, तेव्हा त्या चरणाची चिन्हे लावली की झाले, आणि १८० अंशांचे परिवलन म्हणजे दोन्ही चिन्हे बदलणे, म्हणजेच प्रतिबिंब. या युक्तीने काही उदाहरणांत उत्तर बरोबर येते, आणि त्यामुळेच तिच्यातली चूक लवकर लक्षात येत नाही.

अदलाबदलीचे विधान तपासायला (३, २) हा एक बिंदू पुरेसा आहे. निर्देशक बदलले की (२, ३) मिळतो, आणि तो पहिल्याच चरणात राहतो. आरंभबिंदूपासून या दोन बिंदूंपर्यंत काढलेल्या रेषा एक्स-अक्षाशी सुमारे ३३.७ आणि ५६.३ अंशांचे कोन करतात, म्हणजे बिंदू ९० नव्हे तर केवळ २२.६ अंश सरकला. दोन्ही अक्षांच्या बरोबर मधून जाणाऱ्या रेषेतले ते प्रतिबिंब आहे. याहून निर्णायक कसोटी म्हणजे हीच क्रिया दोनदा करून पाहणे. दोनदा अदलाबदल केली की आपण मूळ जागी परततो. ९० अंशांनी दोनदा फिरलेला बिंदू मात्र आरंभबिंदूच्या पलीकडे, नेमका समोर, (−३, −२) येथे पोहोचला पाहिजे. त्यामुळे ऋण चिन्ह हे मागाहून लावायचे ठिगळ नसून परिवलनाच्या मुळाशीच आहे.

ते येते कुठून, हे पाहायला बिंदूऐवजी अक्षांकडे पाहावे. घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने ९० अंश फिरवल्यावर (१, ०) हा (०, १) येथे जातो आणि (०, १) हा (−१, ०) येथे. आता (३, २) म्हणजे एक्स-अक्षाच्या दिशेने तीन पावले आणि वाय-अक्षाच्या दिशेने दोन; फिरवल्यानंतर तीच तीन पावले वरच्या दिशेने आणि दोन डावीकडे पडतात, म्हणून उत्तर (−२, ३). कोणताही (क, ख) याच कारणाने (−ख, क) होतो, मग तो कोणत्याही चरणात असो किंवा (४, ०) प्रमाणे अक्षावर, म्हणजे कोणत्याच चरणात नसो.

‘पुढचे चरण’ ही कल्पना तर तीन अटी गृहीत धरते आणि त्यांतली एकही सांगत नाही. पहिली अट दिशेची: चरणांचे क्रमांक घड्याळाच्या उलट दिशेने वाढतात, त्यामुळे घड्याळाच्या दिशेने फिरवलेला (३, २) दुसऱ्या नव्हे, चौथ्या चरणात, (२, −३) येथे जातो. दुसरी अट कोनाची: ४५ अंशांनी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवल्यास (३, २) पहिल्या चरणातच राहतो, पण शेजारचा (२, ३) दुसऱ्या चरणात जातो. तिसरी अट केंद्राची, आणि परीक्षेत सर्वाधिक गुण इथेच जात असावेत असे मला वाटते. (४, २) हा बिंदू (३, १) भोवती घड्याळाच्या उलट दिशेने ९० अंश फिरवा. केंद्रापासूनचे अंतर (१, १), ते फिरून (−१, १) होते, आणि केंद्र पुन्हा मिळवल्यावर (२, २) येतो. इथे चरण बदललेच नाही. म्हणून केंद्र आधी वजा करावे, फिरवावे आणि मग मिळवावे. चरण पाहून चिन्ह लावणाऱ्याला हे उत्तर सापडणार नाही.

१८० अंशांचे विधान अर्धे खरे आहे. दोन्ही चिन्हे बदलतात हे आरंभबिंदूभोवती फिरवताना बरोबर आहे. पण त्याला एका आरशातले प्रतिबिंब म्हणता येत नाही. (०, ०), (३, ०), (३, २) हा त्रिकोण घ्या: त्याचे शिरोबिंदू या क्रमाने घड्याळाच्या उलट दिशेने जातात. एक्स-अक्षातील प्रतिबिंबात तोच क्रम घड्याळाच्या दिशेने होतो, आणि त्या प्रतिबिंबाचे वाय-अक्षात पुन्हा प्रतिबिंब घेतल्यावरच तो पूर्ववत होऊन शिरोबिंदू (०, ०), (−३, ०), (−३, −२) येथे येतात.