‘आकडे कॉपी करण्याआधी’ : साउंडचेक यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

साउंडचेक,

(खरं नाव दिलं असतंत तर नावानं हाक मारली असती. असो.)

घरच्या स्टुडिओसाठी परवडणारा कंडेन्सर माइक (आत विजेनं भारलेला पातळ पडदा असलेला, बारीक आवाजही टिपणारा माइक) कसा निवडावा या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी सकाळी वाचली, दुपारी वाचली आणि रात्री जेवण झाल्यावर पुन्हा वाचली. तिच्यात फार खोल काही होतं म्हणून नव्हे. सकाळीच उत्तर लिहिलं असतं तर त्यातले निम्मे शब्द मला संध्याकाळी पुसावे लागले असते. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी जशीच्या तशी देतो, म्हणजे मी काही वगळलं असा आरोप नको. (नवख्यांसाठी: सेल्फ-नॉइज म्हणजे माइकचा स्वतःचा आवाज, डीबी म्हणजे आवाज मोजायचं एकक, टेक म्हणजे एका दमात केलेलं रेकॉर्डिंग, डायफ्रॅम म्हणजे आवाजानं थरथरणारा माइकचा पडदा आणि एटी२०२० हा एक स्वस्तातला माइक.)

“लेख लांबलचक आहे, पण घरी रेकॉर्ड करणाऱ्याच्या कामाचा नाही. सेल्फ-नॉइजवर सहा परिच्छेद आणि खोलीवर एक ओळ. घरातली शांत खोलीसुद्धा रात्री ३० डीबीच्या आसपास असते. वीतभर अंतरावरून गाणाऱ्याच्या टेकमध्ये ५ डीबीचा माइक आणि २० डीबीचा माइक यांतला फरक कुणाला ओळखता येणार नाही. एटी२०२० ला लार्ज डायफ्रॅम म्हटलंय, त्याचा डायफ्रॅम १६ मिलिमीटरचा आहे. स्वस्त माइकात ‘स’ आणि ‘श’ टोचतात त्याबद्दल अवाक्षर नाही, यूएसबी माइकबद्दलही नाही. आकडे कॉपी करण्याआधी एकदा स्वतः रेकॉर्ड करून ऐकलं असतं तर हे सगळं आपोआप कळलं असतं.”

आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करतो, कारण चूक कबूल करायला मला कधीच कमीपणा वाटलेला नाही. ऑडिओ-टेक्निका एटी२०२० चा डायफ्रॅम १६ मिलिमीटरचाच आहे. लार्ज डायफ्रॅम म्हणताना साधारण एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटरच्या आसपास, धरतात. माइक दिसायला जाडजूड आहे, बाजूने गायचा आहे, त्यामुळे लिहिण्याच्या ओघात तो शब्द गेला. लेखात दुरुस्ती केली आहे. धन्यवाद.

आता शेवटचं वाक्य.

‘आकडे कॉपी करण्याआधी.’ मला एक सांगा, हे आकडे कॉपी न करता मिळवायचे कुठून? माइकचा सेल्फ-नॉइज म्हणजे माइकच्या स्वतःच्या पोटातला हिस. तो मोजायचा तर भोवतालचा आवाज त्याच्याही खाली न्यावा लागतो, आणि तशी खोली तुमच्या-माझ्या घरात नसते. रोड एनटी१-ए या माइकच्या, कंपनीनं दिलेल्या तक्त्यात ५ डीबी लिहिलंय, एटी२०२० च्या तक्त्यात २०. मी ते तिथून घेतले. तुम्हीही ५ आणि २० हेच आकडे लिहिलेत, आणि तेही तिथूनच आले असणार. म्हणजे तुम्ही घेतले की ज्ञान आणि मी घेतले की कॉपी?

शिवाय मी नुसते आकडे उतरवून थांबलो नव्हतो. हे आकडे बहुतेक ए-वेटेड असतात, म्हणजे कानाला कमी जाणवणाऱ्या खालच्या सुरांना त्यात कमी वजन दिलेलं असतं, हे मी लिहिलं होतं. दुसऱ्या पद्धतीनं मोजलेला आकडा त्याच माइकचा दहा-बारा डीबीनं जास्त येतो, तेव्हा दोन माइकांची तुलना करताना पद्धत एकच आहे ना ते बघा, हेही होतं. एखाद्या तक्त्यात सेल्फ-नॉइजऐवजी सिग्नल-टू-नॉइज (चाचणीचा आवाज हिसच्या किती वर आहे तो आकडा) दिला असेल तर तो ९४ मधून, म्हणजे चाचणीच्या ठराविक आवाजाच्या पातळीतून, वजा करा, ७४ दिला असेल तर सेल्फ-नॉइज २०, हे सोदाहरण दिलं होतं. याला कॉपी म्हणत असाल तर शब्दकोशही कॉपीच म्हणायला हवा.

आणि ‘एकदा स्वतः रेकॉर्ड करून’! एकदा? अहो, मी सोळा वर्षं घरी रेकॉर्ड करतोय. पहिला आवाज मी कॉम्प्युटरच्या मागच्या गुलाबी भोकात हेडफोनचा माइक खुपसून घेतला, तेव्हा इंटरफेस नावाची, माइक कॉम्प्युटरला जोडायची वस्तू मी पाहिलीही नव्हती. दोन खुर्च्यांवर रजई टाकून तिच्या आत गुडघे पोटाशी घेऊन गायलोय. उन्हाळ्यात. त्या रजईतल्या टेकमध्ये माझा श्वास आणि माझा घाम सोडून दुसरं काही ऐकू येत नाही, पण रेकॉर्ड मी केलं होतं.

एक प्रसंग लेखात मुद्दाम घातला नव्हता, कारण स्वतःबद्दल बोलायला मला संकोच वाटतो. आता तुम्ही भाग पाडलंत. काही वर्षांपूर्वी एका पुस्तकाच्या वाचनाचं काम मिळालं. तयार ध्वनी चार तास वीस मिनिटांचा. ऑडिओबुकांच्या कामात सर्रास मागतात तीच अट होती: सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डीबीच्या मध्ये, शिखरं उणे ३ च्या वर नकोत, आणि शांततेतला आवाज उणे ६० च्या खाली. (रेकॉर्डिंगमध्ये मावेल तो सगळ्यात मोठा आवाज शून्य धरतात आणि तिथून खाली मोजतात, म्हणून हे उणे.) माझ्याकडे तेव्हा एक अगदी स्वस्तातला कंडेन्सर होता, ज्याच्या तक्त्यात सेल्फ-नॉइजचा आकडाच छापलेला नव्हता. (नवशिक्यांनो, जो आकडा छापलेलाच नाही तो बहुधा अभिमानानं मिरवण्यासारखा नसतो. हे वाक्य मूळ लेखात हवं होतं, राहून गेलं.) मी हळू आवाजात वाचलं, कारण मजकूरच तसा होता, आणि बसलो होतो माइकपासून हातभर लांब. पातळी वर आणली तसा मागचा हिसही वर आला. उणे ५२ च्या खाली तो जाईना. सगळं काम एका ओळीच्या शेऱ्यासह परत आलं. मग मी कमी सेल्फ-नॉइजचा माइक आणला, पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं, आणि काम पहिल्या फटक्यात पास झालं. त्याच सुमारास मी कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत नेला होता, खिडकीला गादी लावली होती आणि माइकच्या जवळही सरकलो होतो, पण ते सगळं सोयीसाठी. मुद्दा माइकचा आहे.

ज्यानं चार तास वीस मिनिटं दुसऱ्यांदा वाचलंय त्याला ‘एकदा रेकॉर्ड करून ऐका’ म्हणून सांगू नये. एवढंच म्हणणं आहे.

आता तुमचं ३० डीबीचं गणित. तुम्ही ते अर्धंच मांडलंत, उरलेलं मी मांडतो, म्हणजे मला गणित येत नाही असा समज नको. खोलीत ३० डीबी आहेत, त्यात माइकचे २० मिळवले तर बेरीज ५० होत नाही, ३०.४ होते. ५ मिळवले तर जेमतेम ३०.०१. म्हणजे दोन्ही माइकांत फरक पडला ०.४ डीबीचा, आणि तो कुणालाच ऐकू येणार नाही. कागदावर तुम्ही जिंकलात.

पण कान कागदावर नसतात. खोलीचा आवाज कसला असतो? पंख्याची घरघर, फ्रिजची गुणगुण, लांबच्या रस्त्याचा घुमारा. यातला बराचसा खालच्या सुरांत. माइकचा हिस मात्र वरपर्यंत पसरलेला, आणि कान सगळ्यात तिखट असतो दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. हाय-पास फिल्टर लावून खालची घरघर कापली की वर उरतो तो माइकचा ‘स्स्स’. एकूण बेरजेत जो बुडालेला दिसतो तो त्या पट्ट्यात वर डोकं काढतो. शिवाय ट्रॅक एकच नसतो. हिस असलेले ट्रॅक दुप्पट झाले की हिस ३ डीबीनं वाढतो. एकाच माइकवर आठ कोरस ट्रॅक घेतलेत की ९, सोळा घेतलेत की १२. त्यावर कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून हळू आवाज वर आणणारं साधन) लावून आणखी दहा डीबी उचललेत की २० चा माइक ४० च्या पुढे गेला. अर्थात खोलीचे ३० ही त्याच हिशेबानं वर जातात, हे तुम्ही म्हणाल. म्हणा.

अंतराचंही तेच. अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डीबीनं उतरतो. गिटार वीतभरावरून कुणी घेत नाही. तिथे भोकाचा घुमारा येतो आणि कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः पुढूनच ऐकणारा, माइक जवळून तसाही खालचे सूर फुगवतो. हात-दीड हातावरून बोटांनी हळू छेडलेली नायलॉनच्या तारांची गिटार घेऊन बघा, आणि मग २० आणि ५ सारखेच वाटतात का ते सांगा. हां, खुल्या गळ्यानं जवळून गाणारा ९० डीबीच्या पुढे सहज जातो, आणि तिथे तुमचं वाक्य लागू पडतं. पण मी सगळ्यांचा विचार करून लिहिलं होतं. लेखाच्या शीर्षकाखाली ‘खास गाणाऱ्यांसाठी’ असं होतं याची मला कल्पना आहे. ते वाचकांची सोय म्हणून होतं.

राहिली खोली. खोलीवर एकच ओळ होती हे खरं, पण ओळ चांगली होती: ‘माइकची पाठ पंख्याकडे आणि गाणाऱ्याची पाठ जाड पडद्याकडे असावी.’ यात सगळं आलं. कार्डिऑइड माइक बरोब्बर मागून सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून नकोसा आवाज तिथे ठेवायचा. पुढून मात्र तो गाणाऱ्याला ऐकतो तसा गाणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीवरून परत येणारा आवाजही ऐकतो, म्हणून रजई त्या भिंतीला. लोक उलट करतात, माइकच्या मागे स्पंजाचा अर्धगोल लावतात आणि स्वतः उघड्या भिंतीला पाठ लावून उभे राहतात. टाळी वाजवून झणझण उठली तर त्या खोलीत कुठलाही माइक झणझणणार, हे मला कुणी सांगायची गरज नाही. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण तुम्ही ऐकली असेलच. इथे अंगण खरोखर वाकडं असू शकतं, मान्य, पण लेख नाचावर होता.

‘स’ आणि ‘श’ टोचण्याबद्दल. बऱ्याच स्वस्त माइकांत नॉयमन या माइक कंपनीच्या के६७ या जुन्या कॅप्सूलच्या (म्हणजे डायफ्रॅम बसवलेल्या भागाच्या) धर्तीची कॅप्सूल असते. ती मुळातच वरचे सूर उचलते. मूळ माइकात पुढचं सर्किट तो उठाव परत खाली आणतं. नकलेत कॅप्सूल उचलली जाते, सर्किट राहून जातं, आणि सकार दातांवर येतात. माइक तोंडाच्या जरा बाजूला वळवून लावला की बरंच निभावतं. हे सगळं मला ठाऊक आहे, पण नवशिक्याला एकाच लेखात किती कोंबायचं यालाही मर्यादा असते.

यूएसबी माइक हा वेगळा विषय आहे.

‘लांबलचक’ या शब्दाबद्दल मात्र बोलायलाच हवं. तुमचा रोख बहुधा इतिहासाच्या परिच्छेदावर असावा. १९१६ मध्ये वेंटे यांनी कंडेन्सर माइक केला, त्याला ताणलेल्या पडद्यावर बाहेरून विजेचा दाब द्यावा लागायचा. १९६२ मध्ये सेसलर आणि वेस्ट यांनी बेल लॅब्जमध्ये विजेचा भार कायमचा धरून ठेवणारी पातळ फिल्म वापरून इलेक्ट्रेट माइक केला, आणि ती भानगड संपली. कंडेन्सर आज सामान्य माणसाच्या आवाक्यात आहे त्यात या फिल्मचा वाटा मोठा आहे. तुम्ही ज्याचा डायफ्रॅम मोजलात तो एटी२०२० सुद्धा कायम भाराचाच आहे, ४८ व्होल्ट लागतात ते त्याच्या आतल्या सर्किटसाठी. परवडणाऱ्या माइकवरच्या लेखात तो परवडतो कसा हे सांगणं पाल्हाळ असेल, तर मला पाल्हाळच आवडतं.

मतभेदाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. या लेखावर इतरांनीही चुका दाखवल्या, एकीनं तर प्रीअँपच्या गेनबद्दलचं (माइकचा बारीक सिग्नल किती वाढवायचा त्याबद्दलचं) माझं अख्खं वाक्य उलटं असल्याचं दाखवलं, मी हसत हसत बदललं. तिनं ‘मला वाटतं’ अशी सुरुवात केली होती. तुम्ही ‘आपोआप कळलं असतं’ असा शेवट केलात. फरक तिथे आहे. समोरच्याला काहीच येत नाही असं धरून लिहिलं की बरोबर मुद्दाही कानात घुसत नाही, आणि मग मुद्दा बरोबर होता का हे बघायचंही राहून जातं.

तरी तुमचं समाधान व्हावं म्हणून या आठवड्यात दोन्ही माइक एकाच स्टँडवर, कॅप्सूल शेजारी-शेजारी ठेवून, पातळी जुळवून रेकॉर्ड करतो आणि फाइली इथेच टाकतो. मग वाचकच ठरवतील.

ता. क. : काल रात्री पंखा बंद करून रेकॉर्डिंग केलं. दीड हातावरून गिटार घेतली त्यात फरक स्पष्ट आहे, हेडफोन लावून कुणालाही ऐकू येईल. वीतभर अंतरावरून गायलेल्या दोन फाइली टाकायला एखाद-दोन दिवस लागतील. सेव्ह करताना दोन्हींना नाव द्यायचं राहिलं, आणि त्यातली कुठली कुठल्या माइकची ते अजून लागत नाहीये.