‘मुलांचा साने गुरुजी करू नका’ म्हणे!

सकाळी सकाळी शाळेच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला. ‘मुलांना व्यवहार शिकवा, त्यांचा साने गुरुजी करू नका, जग खाऊन टाकेल.’ खाली रडक्या स्मायलींची रांग, आणि आमच्याच बॅचच्या तिघांचे अंगठे. माझा चहा गार झाला. ग्रुपवर उत्तर दिलं की ॲडमिन लगेच ‘इथे वाद नको’ म्हणतो, म्हणून इथे लिहितेय. लांबेल. ज्यांना घाई आहे त्यांनी पुढे सरकावं.

शाळेतला एखादा धडा आणि रविवारी दुपारी टीव्हीवर अर्धवट पाहिलेला सिनेमा, एवढ्या भांडवलावर आपण एका माणसाला ‘रडका’ ठरवून मोकळे होतो.

आमच्या तालुक्याच्या गावात कथामालेचे, म्हणजे मुलांना गोष्टी सांगायच्या उपक्रमातले, एक सर होते. नाव लिहीत नाही, सरांना ते मुळीच आवडलं नसतं. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. शनिवारची सकाळची शाळा सुटली की विठ्ठल मंदिराच्या ओट्यावर गोष्ट सांगायचे. गोष्टीआधी ओटा स्वतः झाडायचे, आणि कोणी मूल झाडू घ्यायला पुढे आलं तर ‘पुढच्या शनिवारी तू’ म्हणायचे. तो पुढचा शनिवार कधी यायचाच नाही. साने गुरुजी गेल्यावर त्यांच्याच विचारांच्या प्रकाशभाई मोहाडीकरांनी साने गुरुजी कथामाला उभी केली, आणि तिच्या जिवावर महाराष्ट्रात गावोगाव असे सर तयार झाले. बक्षीस नाही, फी नाही, कार्यक्रमाचे फोटो तर नाहीतच.

एका शनिवारी गोष्ट रंगात आलेली. राजा शिकारीत वाट चुकलेला, अंधार पडलेला. तेवढ्यात बोर्डिंगमधल्या एका पोराला भडभडून उलटी झाली. अंगावर, ओट्यावर, शेजारच्याच्या दप्तरावर. आम्ही सगळे नाकं धरून मागे. सर उठले. गोष्ट थांबवली नाही हं! राजा झाडावर चढतोय, खाली वाघ गुरगुरतोय, आणि सर पुजाऱ्याच्या चुलीतली राख आणून टाकतायत, खराट्याने भरतायत, पाणी ओततायत. पोराचा सदरा काढून नळावर खळबळून खिडकीच्या गजांना वाळत घातला. स्वतःचं उपरणं त्याच्या अंगावर टाकलं. तो रडायला लागला तर म्हणाले, “बस इथे. राजा अजून झाडावरच आहे.”

बस. एवढीच आठवण आहे माझी. पण कोणी साने गुरुजींना रडका म्हटलं की मला ती खिडकीच्या गजांना लटकणारी ओली बाही दिसते.

कारण सर हे कुठून शिकले होते? अमळनेरहून. साने नावाचा, कोकणातल्या पालगडचा एक गरीब घरचा मुलगा अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला येतो आणि १९२४ मध्ये तिथल्याच शाळेत मास्तर होतो. छात्रालयाची जबाबदारी अंगावर येते. मुलं शाळेतून परत येतात तर खोल्या झाडलेल्या, अंथरुणं नीट लावलेली, कोपऱ्यात टाकलेले मळके कपडे धुऊन दोरीवर. कोणी केलं विचारावं तर मास्तर गप्प. वर मुलांसाठी रोज हाताने लिहिलेलं ‘छात्रालय’ दैनिक काढायचे. रोज! आपल्याला मुलाच्या डायरीत एक सही करायची तर कंटाळा येतो. १९३० मध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि नोकरी सोडून गेले. सहा वर्षांची मास्तरकी फक्त, आणि जन्मभराचे ‘गुरुजी’.

जग खाऊन टाकेल म्हणे. अहो, त्यांना काय कमी खाल्लं जगाने? धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक, तुरुंग मोजत बसा. त्रिचनापल्लीला तमिळ शिकून आले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे, ते शब्द कागदावर उतरवून घेतले या रडक्या माणसाने. विनोबांची ती प्रवचनं आज आपल्या हातात आहेत ती त्यामुळेच. आणि ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात, १९३३ च्या फेब्रुवारीत, पाच दिवसांत लिहिली. एखादी एसी खोली घेऊन लिहा बघू पाच दिवसांत काहीतरी.

रडायचे, हो. खूप रडायचे. त्यांची भाषा आज काही ठिकाणी फार ओलसर वाटते हेही मान्य, माझ्या मुलीने वीस पानांवर पुस्तक खाली ठेवलं होतं. ठीक आहे.

पण पंढरपूरचं काय करणार? स्वातंत्र्य उंबरठ्यावर आलेलं आणि विठ्ठलाच्या देवळात हरिजनांना प्रवेश नाही. गुरुजी आधी काही महिने महाराष्ट्रभर वणवण फिरले. गावोगावच्या विहिरी आणि देवळं खुली करायला लावली. आणि १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषणाला बसले. गांधीजींची तार आली, उपोषण सोडा म्हणून. ज्या गांधींसाठी नोकरी सोडली, तुरुंग भोगला, त्यांची तार! तरी हा माणूस उठला नाही. दहा दिवसांनी मंदिर खुलं करायचं कबूल झालं तेव्हा उपोषण सुटलं. त्या बडव्यांसमोर, सनातन्यांसमोर आपल्यातला कुठला ‘व्यवहारी’ बसला असता? ग्रुपवर अंगठा देणं सोपं आहे.

आता लिहितेच. त्या दिवशी ओट्यावर उलटी झालेला पोरगा कुठल्या वस्तीतला होता हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. दहा-अकरा वर्षांच्या पोरांनाही ते बरोबर ठाऊक असतं. मागे सरकणारे सगळेच वासामुळे सरकले नव्हते. सरांनी यावर एक शब्द काढला नाही. विठ्ठलाच्या ओट्यावर, पुजाऱ्याच्या देखत, गळ्यातलं उपरणं काढून त्याच्या अंगावर घातलं, तेच परत स्वतःच्या गळ्यात घेतलं आणि राजाला झाडावरून उतरवलं. अंगठा देणाऱ्या तिघांपैकी एक जण माझ्या डाव्या हाताला बसला होता. मित्रा, तू वाचतोयस ना?

असो. चिडून लिहायचं नव्हतं.

मला राग फॉरवर्डचा तेवढा नाही, आपण जे उरवलंय त्याचा जास्त आहे. २४ डिसेंबर, गुरुजींची जयंती, आली की शाळाशाळांत कथाकथन स्पर्धा. तीन मिनिटं, हावभावाला पाच गुण, पाठांतराला पाच. आयांनी बसवून घेतलेले हातवारे, आणि माइक बिघडला की गोष्ट बंद. ओटा कोण झाडतं? शिपाई. मुलांमधली भीड जाते, चार माणसांत बोलता येतं, ते काही वाईट नाही. पण परीक्षकाला सांगायची ती गोष्ट आणि उपरणं पांघरून बसलेल्या पोराला सांगायची ती गोष्ट, यांना एकाच पारड्यात घालू नका.

शेवटचं. कोणीतरी कमेंटमध्ये म्हणणारच की एवढे खंबीर होते तर ११ जून १९५० ला स्वतःहून का गेले. मला माहीत आहे ते. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनी एकवीस दिवस उपवास केला होता, त्याच वर्षी, १९४८ च्या १५ ऑगस्टला ‘साधना’ साप्ताहिक काढलं, शेवटपर्यंत लिहीत, फिरत राहिले, आणि आतून खचत गेले. पन्नाशीत गेलेल्या माणसाच्या दुःखावर मी कमेंटमध्ये वाद घालणार नाही. तसली कमेंट आली तर डिलीट करेन, आधीच सांगते.

आमचे सर म्हातारे होऊन, अंथरुणावर शांतपणे गेले. तेराव्याला बोर्डिंगची जुनी मुलं एवढी आली की घरच्यांना दोनदा भात टाकावा लागला. त्यांतले बरेच जण व्यवहारात उत्तम आहेत बरं का, दुकानं आहेत, एक जण तर बँकेत मोठ्या पदावर आहे. जगाने कोणाला खाल्लेलं नाही.

तर ‘छान लिहिलंत ताई’ आणि हात जोडलेले इमोजी नकोत. तुमच्या गावात असं कोण होतं ते लिहा. कुठल्या ओट्यावर, कुठल्या पारावर गोष्ट सांगायचे आणि त्याशिवाय काय काय करायचे, तेही लिहा. नाव द्यायचं नसेल तर गावाचं द्या.