४५ सेकंद श्वास रोखला म्हणून फुफ्फुसं पास होत नाहीत, मामा

काल रात्री मामाने फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली स्वतःचा निकाल: "४५ सेकंद. पास!" वर दंड फुगवलेला इमोजी. मामा सत्तावीस वर्षं सिगरेट ओढतोय. गेल्या महिन्यात आमच्याकडे आला तेव्हा जिन्याच्या वळणावर थांबून मोबाइल बघत होता, मी वरून पाहिलं, स्क्रीन बंद होती. एरवी असले मेसेज मी न वाचता उडवते, पण हा वाचला आणि डोकं फिरलं.

मेसेज थोडक्यात असा: सिगरेट ओढणाऱ्याने ४० सेकंद श्वास रोखला तर श्वासनलिका मोकळ्या. एक्स-रे क्लिअर तर प्रश्नच मिटला. खोकला नाही म्हणजे आजार नाही. फुंकायची टेस्ट म्हणजे बिल वाढवायचा धंदा. आणि इतकी वर्षं ओढल्यावर आता सोडून काय फायदा.

श्वास रोखण्याचं आधी बघू कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. अरे, बाटलीला बूच लावून ती किती वेळ हातात धरली यावरून तिचं तोंड अरुंद आहे का रुंद हे कसं कळणार? ते कळतं उपडी केल्यावर. सिगरेटमुळे होणाऱ्या सीओपीडीत (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुफ्फुसांचा आजार) हवा आत जाते, पण बाहेर पडताना अडकते. श्वास रोखल्यावर हवा हलतच नाही, मग अडथळा दिसणार कुठून? किती सेकंद टिकता हे बरंचसं सवयीवर, जिद्दीवर आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर मेंदू किती लवकर बोंब मारतो यावर ठरतं. २०२० मध्ये हाच माल "१० सेकंद रोखा, करोना नाही" म्हणून फिरत होता, जागतिक आरोग्य संघटनेने तो तेव्हाच खोटा ठरवला होता. आता फक्त सेकंद वाढवलेत.

खरी टेस्ट म्हणजे स्पायरोमेट्री. नाकाला चिमटा, छाती गच्च भरून श्वास, नळीला ओठ घट्ट लावून जीव खाऊन फुंकायचं, आणि शेजारी टेक्निशियन ओरडत असतो "अजून, अजून, सोडू नका". हे किमान तीनदा. पूर्ण फुंकलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात किती आली ते मशीन बघतं. मग श्वासनलिका रुंदावणारं औषध देऊन दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा, आणि तरीही ते गुणोत्तर ०.७० च्या खाली असेल तर अडथळा आहे. गंमत म्हणजे सेकंदच मोजायचे तर मेसेजवाल्याने घड्याळ उलटं लावलंय. जोरात फुंकून छाती रिकामी करायला धडधाकट माणसाला साधारण तीन-चार सेकंद लागतात, सहाच्या वर गेलं तर शंका घ्यायची. इथे जास्त सेकंद म्हणजे नापास! (हाही ढोबळ अंदाजच, घरी करून निकाल लावत बसू नका.)

एक्स-रे: सुरुवातीच्या सीओपीडीत तो बरेचदा नॉर्मलच दिसतो. दुसरं काही आहे का ते बघायला उपयोगी, बाकी फोटोत वेग दिसत नाही.

खोकला: नसू शकतो. माणूस नकळत हळू चालायला लागतो आणि त्याला वय झालं म्हणतो. किंवा मोबाइल बघतो.

बिलाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, मान्य करते. काहीच त्रास नसलेल्यांची सरसकट सीओपीडी तपासणी करू नका असं अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २०१६ ला सांगितलं आणि २०२२ ला पुन्हा. ०.७० चा आकडाही उतारवयात कधीकधी उगाच आजार दाखवतो. पण "काहीच त्रास नसलेल्यांची" हे शब्द वाचा ना, जिन्यात दम खाणारा त्यात बसतो का?

आणि "आता सोडून काय फायदा" लिहिणाऱ्याला खरंच समोर बसवून विचारावंसं वाटतं. अमेरिका-कॅनडातल्या लंग हेल्थ स्टडीत स्पायरोमेट्रीवर सौम्य अडथळा दिसलेले ५,८८७ सिगरेट ओढणारे घेतले होते. ११ वर्षांनी बघितलं तर सुरुवातीलाच सोडलेल्या पुरुषांची पहिल्या सेकंदातली हवा वर्षाला सुमारे ३० मिली कमी होत होती, ओढत राहिलेल्यांची ६६. म्हणजे दुपटीहून जास्त. बायकांमध्येही तसंच. गेलेलं परत येत नाही हे खरं, पण दहा वर्षांत साडेतीनशे मिलीचा फरक म्हणजे जिना चढणं आणि जिन्यात बसणं यातला फरक असू शकतो. असला मेसेज वाचून एकाने जरी "मग ओढूच" म्हटलं तर?

मामा, गुरुवारी सकाळचा नंबर लावलाय. निदान तासभर आधी सिगरेट नको, पोट गच्च भरून येऊ नकोस, शर्ट सैल घाल. आणि लिफ्ट बंद आहे म्हणे, तेव्हा जरा लवकर निघू.